पंधरा टक्क्यांचा कागद

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा निकाल दिला. पाटीवर वर मराठी, खाली उर्दू. खालचं काढा, अशी एका माजी नगरसेविकेची मागणी होती आणि ती जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असा फेरा मारत दिल्लीला पोहोचली होती. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी ती फेटाळली. राजभाषा मराठी पाटीवर आहेच; तिच्या जोडीला आणखी एक भाषा लिहू नये असं कायदा कुठे म्हणत नाही, हा निकालाचा गाभा. दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, मुंबईत शासन निर्णय निघाला : पहिलीपासून हिंदी ही सक्तीची तिसरी भाषा. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. १७ जूनला सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती, ५ जुलैला वरळीत एका व्यासपीठावर दोन ठाकरे.

त्या दिवसांत आमच्या गावातल्या चहाच्या हॉटेलात दोन्ही बातम्यांवर चर्चा झडली. पातूरच्या निकालावर लोक नाराज होते : महाराष्ट्रात राहायचं तर उर्दू पाटी कशाला? हिंदीच्या निर्णयावर तेच लोक चिडलेले : आमच्या पोरांवर दिल्लीची भाषा कशाला? दोन्ही प्रश्न विचारणारी माणसं तीच होती, चहाचे कपही तेच. पातूरला आपण संख्येनं मोठे म्हणून बोलत होतो, दिल्लीपुढे धाकटे म्हणून. एकाच माणसाला या दोन्ही जागी बसावं लागतं, आणि बसल्यावर आपली जागा बदलली हे त्याच्या ध्यानात येत नाही. मला या लेखात एवढंच मांडायचं आहे की मराठवाड्यातल्या माणसाला तरी हे ध्यानात यायला हवं होतं.

मी डोंगरकड्याचा. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं, केळीच्या बागांचं गाव. पोटापाण्याला अर्जनविशी. कचेरीच्या आवारात टेबल-खुर्ची टाकून लोकांचे अर्ज, वारस नोंदीचे कागद, हरकती लिहून द्यायच्या. वडीलही अर्जनवीसच होते, फक्त ते निजामाच्या अमलात उर्दूत लिहायचे. घरात बोली मराठी, शेजार मराठी, एकादशीचं भजन मराठी; पण फेरफाराचा साधा अर्ज मराठीत लिहा म्हटलं तर त्यांना घाम फुटे, कारण तसा अर्ज त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. सेतवार, मुंतखब, पहाणी, कोर्टाचा समन्स, सगळं उर्दूत. शेतकऱ्याच्या हातात स्वतःच्याच जमिनीचा कागद असायचा आणि तो वाचायला तो वडिलांना दोन आणे द्यायचा. माझं घर त्या दोन आण्यांवर चाललं, म्हणून या विषयावर मी फार पवित्रा घेऊन बोलू शकत नाही. लोकांना सरकारची भाषा कळत नाही, यावरच आमच्या धंद्याचा पाया आहे.

हैदराबाद संस्थानाचं गणित विलक्षण होतं. निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू, साधारण पाव मराठी, आणि कानडी नि उर्दू प्रत्येकी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. राज्यकारभार त्या दहा-बारा टक्क्यांच्या भाषेत. वरच्या इयत्ता उर्दूत, नोकरी उर्दूत, न्याय उर्दूत. तरी हा निव्वळ जुलमाचा इतिहास म्हणून सांगणं मला पटत नाही. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं हिंदुस्थानातलं पहिलं विद्यापीठ. तिथं वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली, पुस्तकं करून घ्यायला खास भाषांतर खातं उभारलं होतं. इंग्रजीला हात न पसरता एक राज्य आपल्या भाषेत ज्ञान उभं करू पाहत होतं. आज मराठीतून वैद्यकीय शिक्षण द्या म्हणणाऱ्यांनी त्या प्रयोगाचा अभ्यास जरूर करावा. फक्त ती 'आपली भाषा' परभणी, नांदेड, वरंगळ, रायचूरच्या शेतकऱ्याची नव्हती. जिला राज्यकर्ते राज्य उभारणी म्हणत होते, ती आमच्या आजोबांच्या डोक्यावरून चालली होती.

मग इथल्या लोकांनी काय केलं? वाचनालयं काढली. शाळा काढल्या. खासगी शाळेला परवानगी लागे, सभेला परवानगी लागे. 'गश्ती निशान ५३' हा हुकूम त्या पिढीच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होता. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. तेलुगू मुलखात आंध्र महासभा त्याआधीच उभी होती, कानडी मुलखातही परिषद झाली. एका संस्थानात तीन भाषांची माणसं तीन वेगवेगळ्या मंडपांत बसून एकच मागत होती : शाळा आणि कचेरी आम्हाला कळेल अशी करा. या सगळ्यांचे पुढारी झालेले स्वामी रामानंद तीर्थ जन्मले विजापूर जिल्ह्यात, सिंदगीला. कानडी मुलखात जन्मलेला माणूस मराठवाड्याचा नेता झाला आणि आज नांदेडच्या विद्यापीठाला, जिथं आमच्या हिंगोलीची पोरं पदवी घेतात, त्याचंच नाव आहे. भाषावार प्रांत मागणाऱ्यांचं मन आकुंचित असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नाव आठवावं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, तरी राज्य तसंच त्रैभाषिक राहिलं. हैदराबाद फोडायला नेहरू नाखूष होते. १९४८ च्या दार आयोगानं भाषावार राज्यं देशहिताची नाहीत असाच निर्वाळा दिला होता. फाळणीच्या जखमा ओल्या असताना ती भीती खोटी म्हणवत नाही. पण १५ डिसेंबर १९५२ ला पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले, १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र झालं, फाजल अली आयोग बसला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. देश तुटला नाही. ज्या गोष्टीनं तो तुटेल असं शहाणी माणसं सांगत होती, तीच केल्यावर तो सांधला.

त्याच वर्षी शेजारी काय चाललं होतं ते पाहावं. १९५६ मध्ये श्रीलंकेनं, तेव्हाच्या सिलोननं, सिंहली ही एकच राजभाषा करणारा कायदा केला. हेतू राष्ट्र उभारणीचाच : इंग्रजीचं जोखड फेकायचं, बहुसंख्याकांना नोकऱ्या द्यायच्या. तमिळ कारकुनांना एका फटक्यात अडाणी ठरवलं गेलं. त्याची किंमत पुढं १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षं यादवीत मोजली गेली. पूर्व पाकिस्तानातल्या बंगाल्यांना जिनांनी मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जाऊन सांगितलं होतं की राष्ट्रभाषा उर्दूच. २१ फेब्रुवारी १९५२ ला विद्यार्थ्यांवर गोळ्या झाल्या, १९७१ ला देशच वेगळा झाला. या दोन्ही देशांकडे आपल्यापेक्षा एकजिनसी माणसं होती, तरी ते फाटले.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे कागदावर. १९५६ ला राज्यं भाषेप्रमाणे आखली तरी रेघेच्या दोन्ही बाजूंना परभाषक उरणारच होते. त्यांच्यासाठी सातव्या घटनादुरुस्तीनं दोन कलमं घातली. ३५०क : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी. ३५०ख : या लोकांसाठी राष्ट्रपतींनी एक विशेष अधिकारी नेमावा. तो आयुक्त १९५७ पासून आहे. अहवाल देतो, हुकूम देऊ शकत नाही. त्याशिवाय केंद्रानं १९५६ साली एक टिपण काढलं आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ते पक्कं झालं : जिल्ह्यात, तालुक्यात, नगरपालिकेत जिथं एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्क्यांच्या वर असतील, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम, नोटिसा त्या भाषेतही छापाव्यात. शाळेसाठी त्याहून जुना, १९४९ चा नियम : वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं एका मातृभाषेची असली तर त्यांना त्या भाषेत शिकवायला शिक्षक द्यावा.

माझ्या टेबलाच्या खणात या पंधरा टक्क्यांच्या नियमाचं एक टंकलिखित पान आहे. बेळगावचे मराठी लोक गेली कित्येक दशकं कर्नाटक सरकारपुढे हेच पान फडफडवत आहेत. आम्ही पंधरा टक्क्यांहून किती तरी जास्त आहोत, आम्हाला कागदपत्रं मराठीतून द्या, बसवरच्या पाट्या, मतदार याद्या, उतारे मराठीत द्या. खानापूर, निपाणी, बेळगाव. १ नोव्हेंबरला तिथं काळा दिवस पाळतात. महाराष्ट्रानं या सीमाभागासाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो अजून लोंबकळतोय. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कानडी हवं, असा तिकडचा कायदा आला तेव्हा आमच्याकडच्या वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले आणि ते योग्यच होते. पण तोच नियम, तीच टक्केवारी, तेच कलम उलट दिशेनं लावायची वेळ येते तेव्हा आपण पातूरच्या पाटीवर चढून रंगाचा डबा मागतो. सीमेअलीकडच्या जतमधल्या कानडी शाळेत शिक्षक नाही, ही बातमी आमच्याकडे आतल्या पानावर असते.

बेळगावात जे मागतो ते कळमनुरीत द्यावं. ही दयेची गोष्ट नाही. दाव्याचा पक्ष बळकट करायचा तर आधी आपला फेरफार स्वच्छ असावा लागतो, हे कुठलाही अर्जनवीस सांगेल.

एक किस्सा सांगतो. रस्त्याच्या कामात जमीन गेलेला एक मध्यमवयीन माणूस माझ्याकडे आला. उर्दू शाळेत दहावी शिकलेला, वाचता-लिहिता येणारा, हिशोबाला चोख. हातात भूसंपादनाची नोटीस. "काका, ये पढ के बोलो." मी वाचली. हरकत घ्यायची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. त्यानं ती नोटीस घरी ठेवली होती, कारण खाली सही-शिक्का पाहून त्याला वाटलं पैसे मंजूर झाल्याची चिठ्ठी असावी. तो अडाणी नव्हता; या राज्यानंच मान्यता दिलेल्या शाळेत, या राज्यानंच पगार दिलेल्या शिक्षकाकडे, या राज्यानं छापलेल्या पुस्तकातून तो शिकला होता. एका हातानं त्याला एका भाषेत साक्षर केलं आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्या भाषेत नोटीस दिली. माझे आजोबा वडिलांसारख्यांच्या टेबलाशी ज्या अवस्थेत उभे राहात, त्याच अवस्थेत तो माझ्यापुढे उभा होता, फक्त लिप्यांची अदलाबदल झाली होती. मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत म्हणून कुणी कौतुक करू नये, त्याचं काम झालंच नाही.

इथं कुणी म्हणेल, मग त्यानं मराठी शिकावी. बरोबर. शिकावी, आणि त्याला शिकवावी. याबाबतीत मी पक्का आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला मराठी आलीच पाहिजे. मुंबईतल्या गुजराती शाळांनी मराठीच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली होती. उषा मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलं की राज्याची भाषा शिकवणं म्हणजे अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला नव्हे. निकाल उत्तम आहे. तलाठी, पोलीस, आरोग्यसेवक, आमच्या भागातल्या पोराला मिळाली तर मिळणारी नोकरी हीच, आणि तिची परीक्षा मराठीत. उर्दू शाळेतल्या मुलीला चांगली मराठी न शिकवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि त्यात तिच्याच समाजातल्या काही संस्थाचालकांचाही वाटा आहे. पण ज्याची घरची भाषा मराठी नाही त्याला मराठी ही परकी भाषा म्हणून, पायरीपायरीनं शिकवावी लागते. ते तंत्र येणारे शिक्षक किती तयार केले? २०२० साली सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा विधिमंडळानं एकमतानं केला. सक्ती एका दिवसात छापून निघते. शिक्षक घडवायला दहा वर्षं लागतात आणि त्याचा फोटो येत नाही.

उषा मेहता खटल्याकडे मी आणखी एका नजरेनं पाहतो. तिथं बाजू मांडणाऱ्यांकडे शाळा होत्या, ट्रस्ट होते, दिल्लीपर्यंत जायला वकील होते. घटनेचं ३० वं कलम अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा मूलभूत हक्क देतं. ज्याच्याकडे शाळा काढण्याची ऐपत आहे त्याला तो कामाचा. ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी ३५०क आहे, आणि ते राज्यानं 'प्रयत्न करावा' असं सांगून थांबतं. म्हणजे भाषेचा हक्क श्रीमंत अल्पसंख्याकाला कोर्टात मिळतो, गरिबाला अहवालात.

तो गरीब अल्पसंख्य पाहायचा तर तांड्यावर यावं. हिंगोली जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे जागोजाग आहेत. घरी गोरमाटी बोलली जाते, जिला लिपी नाही म्हणून तिची शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून तिची स्वतंत्र नोंद नाही. सहा वर्षांचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत येतं आणि पहिल्या दिवसापासून गुरुजी मराठीत बोलतात. पोर गप्प बसतं. ते गप्प बसणं प्रगतीपत्रकात 'मंद' म्हणून उतरतं. तांड्यातलाच शिक्षक असेल तिथं चित्र वेगळं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय : तो पहिले सहा महिने दोन्ही भाषांत बोलतो, आणि तिसरीला पोचेपर्यंत ती पोरं मराठीत कुणाला ऐकत नाहीत. ओडिशानं २००६-०७ पासून आदिवासी मुलांना त्यांच्या भाषेतून पहिली-दुसरी शिकवायला घेतली, आधी दहा भाषा, पुढं एकवीस. ओडिया भाषा त्यानं कुठं बुडाली नाही. आम्ही अकरा वर्षांहून अधिक काळ बंजारा मुख्यमंत्री पाहिलेलं राज्य आहोत, वसंतराव नाईक १९६३ ते १९७५. तेवढ्या काळातही तांड्याची भाषा शाळेच्या उंबऱ्याच्या आत आली नाही.

२०२५ च्या जूनमधल्या त्या सुधारित हिंदी निर्णयात एक अट होती. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घ्यायची तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थी हवेत. आमच्या तांड्यावरच्या शाळांत सगळ्या इयत्ता मिळून वीस पोरं भरायची मारामार. वीसच्या खालच्या पटाच्या शाळा बंद करायच्या की 'समूह शाळा' करायच्या, हा घोळ वेगळाच. १९४९ ला, देश कंगाल असताना, वर्गात दहा मुलं पुरत होती. २०२५ च्या त्या निर्णयाला वीस लागत होती.

आणि जनगणना पाहा. २०११ च्या आकड्यांत बत्तीस लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा लमाणी किंवा लंबाडी, म्हणजे गोरमाटीच, सांगितली, पंधरा लाखांहून अधिक लोकांनी बंजारी. हे सगळे आकडे 'हिंदी' या मथळ्याखाली धरलेले आहेत. आमच्या बाजूच्या तांड्यावरची म्हातारी, जिला हिंदी सिनेमासुद्धा धड कळत नाही, ती कागदोपत्री हिंदी भाषक आहे. हिंदीची संख्या जेव्हा अभिमानानं सांगितली जाते तेव्हा त्यात ती म्हातारीही असते. हिंदीविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या मराठी मंडळींनी ही बेरीज कधी तपासली नाही, कारण तांडा त्यांच्या मराठीतही मोजला जात नव्हता.

हिंदीचं म्हणाल तर ती आमच्या गावात शासन निर्णयाची वाट पाहत थांबली नव्हती. केळीच्या हंगामात दिल्ली-पंजाबकडचे ट्रक लागतात, व्यापाऱ्याशी सौदा हिंदीत होतो, आणि आमचे शेतकरी भाव पाडून मागणाऱ्याला त्याच्याच भाषेत चार शब्द सुनावतात. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात दुकानांवर गुरुमुखी दिसते, तिचं कुणाला वावडं नाही. गरज असली की माणूस भाषा उचलतो. सरकारनं पहिलीच्या पोराच्या दप्तरात ती कोंबायचं कारण काय, याचं उत्तर मला त्या निर्णयात सापडलं नाही. नोकरीला दिल्लीला गेलेल्या मराठी पोराचं हिंदीवाचून अडलं, असं मी तरी ऐकलेलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवर एक पुस्तिका लिहिली. भाषावार राज्यं हवीत, पण अशा राज्यात जी जात किंवा जमात बहुसंख्य ती इतरांना दाबेल, हा धोका त्यांनी बजावून सांगितला. मराठवाडा ज्यात येतो असं मध्य महाराष्ट्राचं वेगळं राज्य करावं असंही त्यात होतं. आमच्या अनुशेषाचे आकडे पाहिले की कधीकधी वाटतं, ऐकायला हवं होतं. राज्याचा कारभार केंद्राच्या भाषेत चालवावा, ही त्यांची सूचना मात्र मला पटत नाही. तो केला असता तर आम्ही निजामाच्या उर्दूतून निघून दिल्लीच्या हिंदीत पडलो असतो, आणि माझ्या वडिलांना तिशी ओलांडल्यावर आणखी एका परक्या भाषेत अर्ज लिहायला शिकावं लागलं असतं. पण इशारा खराच ठरला. काल दुखणं सोसलेला समाज आज सत्तेत आला की दुसऱ्याचं दुखणं ओळखेल, अशी आशा होती. आमच्यात ती ओळख एका पिढीत पुसली गेली.

किती पुसली, ते २०२३ साली दिसलं. मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांचे गठ्ठे सुटले. आत उर्दू, फारसी, मोडी. वाचणार कोण? ज्या उर्दूला आपण परकी म्हणून बाजूला सारलं तिचे वाचक शोधत अधिकारी फिरू लागले. लोक माझ्याकडेही वडिलोपार्जित कागद घेऊन आले; वडिलांनी मला शिकस्ता हे उर्दूचं घसटं वळण वाचायला शिकवलं होतं, ते जन्मात पहिल्यांदा एवढं उपयोगी पडलं. पातूरच्या पाटीवर ज्यांनी पुढं हॉटेलात तोंड वाकडं केलं, त्यांतले दोघेजण माझ्यासमोर आजोबांच्या नावापुढचा उर्दू शब्द 'कुणबी'च आहे ना, हे तीनतीनदा विचारत होते. मी हो म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांचा राग आला नाही. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटवरचा शासन निर्णय निघाला, त्यामागोमाग त्याच गॅझेटच्या आधारे बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. जातीच्या नोंदीसाठी निजामाचं दप्तर सगळ्यांना हवं आहे. भाषेच्या बाबतीत त्याच दप्तरात काय लिहून ठेवलंय, ते वाचायला कुणी येत नाही.

खर्च परवडेल का, असा प्रश्न येतो. मागणी केवढी आहे ते तरी पाहावं. प्रत्येक बोलीत विद्यापीठ कुणी मागत नाही. तांड्यावर पहिल्या दोन इयत्तांना गोरमाटी येणारा शिक्षक; तांड्यात डी.एड. झालेली पोरं बेकार बसून आहेत, नेमणूक करताना भाषा हा एक रकाना वाढवला की काम भागतं. ज्या नगरपालिकेत, ज्या गावात उर्दू वाचणारे पंधरा टक्क्यांवर आहेत तिथं भूसंपादन, रेशन, मतदार यादी, आरोग्याच्या नोटिशीच्या पाठीमागे उर्दू मजकूर. कागदाची दुसरी बाजू नाहीतरी कोरीच असते. गोरमाटी वाचता येत नाही, तर ग्रामसभेत आणि पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगणारा माणूस. आणि टक्केवारी तालुक्यावर न मोजता गावावर, तांड्यावर मोजावी, कारण तांडे विखुरलेले असतात. तालुक्याच्या बेरजेत बुडणारी भाषा तांड्यात शंभर टक्के असते.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी लपवत नाही. तांड्यावरच्या बापाला विचारलं तर तो म्हणतो, "गोरमाटी घरी येतेच, तुम्ही इंग्रजी शिकवा." नांदेडकडे जाणाऱ्या पिवळ्या बसमध्ये पोराला बसवायला तो ऊसतोडीची उचल घेतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानंही माध्यम निवडायचा हक्क पालकाला दिला. त्या बापाला मातृभाषेचं महत्त्व समजावून सांगण्याचा अधिकार ज्यांची नातवंडं पुण्यात इंग्रजी शाळेत आहेत त्यांना, म्हणजे मला, नाही. मी त्याला इतकंच सांगतो की पोराला पहिली दोन वर्षं कळेल अशी गेली तर इंग्रजीही लवकर येईल. तो मान हलवतो. पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक दारोदार येतील. मातृभाषेचा रकाना त्यांच्या यादीत असतोच, पण घाईत तो विचारला जात नाही. प्रगणक अंदाजानं 'मराठी' किंवा 'हिंदी' टाकून पुढच्या घरी जातो. तांड्यातल्या आणि उर्दू मोहल्ल्यातल्या पोरांना मी सांगून ठेवलंय की घरातल्या प्रत्येक माणसाची भाषा मोठ्यानं सांगा आणि त्यानं काय लिहिलं ते बघून घ्या. आकडे आले की तहसीलदारांकडे अर्ज करायचा, १९६१ च्या नियमाचा हवाला देऊन. मसुदा तयार आहे. दोन प्रती मराठीत, एक उर्दूत. गोरमाटीची प्रत देवनागरीत कुणी लिहायची, यावर सध्या तांड्यातल्या दोन पोरांत वाद चालू आहे.